कबुली दिली, प्रार्थना केली, तरी देवाने माफ केलंय असं वाटतच नाही. चर्चला जायची लाज वाटते. काय करू?

तुम्ही लिहिलंय की प्रभुभोजनाची, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षारस घ्यायची, वेळ आली की हात पुढे होत नाही, म्हणून आता चर्चच बंद केलंय, आणि घरातली मोठी माणसं म्हणतात की अजून तुझी तयारी झालेली नाही, थोडं थांब. तुमच्या पापापेक्षा हे शेवटचं वाक्य मला जास्त लागलं, म्हणून लिहितेय. वचनं सांगत बसत नाही, ती तुम्हाला पाठ असणार. रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय, ख्रिस्तात असलेल्यांना आता शिक्षा नाही म्हणणारा, तोंडपाठ असलेली माणसं मी रात्र रात्र जागताना बघितलीत.

मी मूळची मिरजेची, मिशनच्या आवारात वाढलेली, पक्की प्रोटेस्टंट. नर्स म्हणून गोव्यात आले आणि इथलीच झाले. सासर बार्देसमधलं, कॅथलिक. घरात कोकणी चालते, माझी मराठी चालते, भांडणं दोन्हीत चालतात.

माझे थोरले दीर तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला, लग्न केलं नाही. सासूबाईंचं ऑपरेशन ठरलं तेव्हा सगळ्या भावंडांनी पैसे काढले आणि ते भावजींकडे दिले, कारण सुट्टीवर घरी तेच होते. ते पैसे मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर गेले. (गोंयकारांना कॅसिनोत खेळायला बंदी आली ती २०२० च्या फेब्रुवारीत, ही गोष्ट त्याच्या आधीची.) एका रात्रीत नाही गेले, हळूहळू गेले, गेलेले परत मिळवू म्हणून आणखी गेले. ऑपरेशन लांबलं, आम्ही इकडून तिकडून पैसे उभे करेपर्यंत माई, म्हणजे सासूबाई, गेल्या. वेळेवर झालं असतं तर वाचल्या असत्या का? इतकी वर्षं वॉर्डात काढूनही मला ते सांगता येत नाही, आणि ज्यांना सांगता येतं असं वाटतं त्यांच्यापासून मी लांब राहते.

भावजींनी कुमसार केलं, म्हणजे पाद्रीपुढे पापाची कबुली दिली. पाद्रींनी पापक्षमा दिली. इथे गोष्ट संपायला पाहिजे होती ना? नाही संपली. तेच पाप घेऊन ते म्हापशाला गेले, मग पर्वरीला, मग नोव्हेंबरात जुन्या गोव्याला सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, नोव्हेनांना (नऊ दिवसांच्या प्रार्थनांना) गेले, तिथे कुमसाराला ही मोठी लाइन असते, त्यात तासभर उभं राहून परत तेच. दर वेळी क्षमा मिळायची आणि दर वेळी बाहेर आल्यावर वाटायचं की आपण नीट सांगितलं नाही, काहीतरी राहिलं, पाद्रीला पूर्ण कळलं असतं तर त्याने क्षमा दिलीच नसती. इगर्जीत (चर्चमध्ये) सगळ्यात मागे बसायचे, कुमगाराची (कोम्युनियनची, तुमच्या प्रभुभोजनाची) वेळ झाली की उठून बाहेर आंब्याखाली. अख्ख्या वाड्याला माहीत झालं होतं.

आणि आमच्या नणंदबाई म्हणायच्या, राहू दे बाहेर, त्याला कळतंय ते बरंय, यालाच पश्चात्ताप म्हणतात.

मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, ह्याला पश्चात्ताप म्हणत नाहीत. माणूस वळला तर त्याची पावलं कुठेतरी पडायला पाहिजेत. हे गोल गोल फिरणं होतं. आणि त्या फिरण्याचा फायदा कोणाला होत होता तेही बघा. पावसाआधी छपराचे नळे परतायचे तर भावजी. नणंदेच्या पोरांची फी भरायची तर भावजी. कोणी वाकडं बोललं तर मान खाली घालून ऐकणारे भावजी. आपल्याच घरात गडी होऊन राहिलेला माणूस. एक दिवस त्यांनी माईंच्या घरातला आपला हक्क सोडल्याचं डीड करून दिलं. कोणी जबरदस्ती केली नाही म्हणतात. बरोबर आहे, लाजलेल्या माणसावर जबरदस्ती करावी लागतच नाही, नुसतं 'तुझ्या मनाला शांती मिळेल' म्हटलं की झालं. गोव्याच्या कायद्यात आईबापांनासुद्धा अर्धी इस्टेट मुलांसाठी राखून ठेवावी लागते, मनात आलं म्हणून पोराला बेदखल करता येत नाही. इथे पोराने स्वतःच स्वतःला बेदखल केलं, आणि सगळे म्हणाले, बघा किती नम्र झालाय.

लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या उधळ्या मुलाची गोष्ट तुम्हाला नव्याने सांगत नाही, फक्त एक जागा परत वाचा. बापाच्या इस्टेटीचा वाटा उडवून कंगाल झालेला तो डुकरांजवळ बसून वाक्यं तयार करतो: मी पाप केलंय, मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायक नाही, मला तुमच्या एखाद्या मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर पहिली दोन बोलतो. तिसरं त्याच्या तोंडून निघतच नाही, बाप मध्येच चाकरांना हाक मारतो, झगा आणा, अंगठी आणा. पापाची कबुली बापाने ऐकून घेतली, चाकरीची ऑफर ऐकूनसुद्धा घेतली नाही. तुम्ही जे उपास करताय, चर्चच्या बाहेर राहताय, ते हे तिसरं वाक्य आहे. तेवढं सोडा. कबुली झालीय, ती पोचलीय.

भावजींचं कसं सुटलं ते सांगते. एक म्हातारे पाद्री भेटले. त्यांनी सगळं ऐकलं, क्षमा दिली आणि प्रायश्चित्त काय दिलं तर हे पाप परत कुमसाराला आणायचं नाही, माझ्याकडे नाही आणि दुसऱ्या कोणाकडेही नाही. रोझरी नाही, उपास नाही, नुसतं एवढंच. भावजी घरी येऊन म्हणाले की ह्याच्यापेक्षा चाळीस दिवस उपाशी राहायला सांगितलं असतं तर बरं झालं असतं. त्या पाद्रींनी त्यांना सांत इग्नासियोची गोष्ट सांगितली होती. जेजुइत या कॅथलिक संघाचा संस्थापक, आपल्या सायबाचा जोडीदार, १५२२ मध्ये मानरेझा गावात असताना त्याचं हेच झालं होतं, जुनी पापं परत परत कबूल करायची, तरी राहिलं राहिलं वाटायचं, जीव द्यायचा विचार मनात येण्यापर्यंत गेलं होतं. मग त्याने ठरवलं की जुनं पाप आता परत कबूल करायचं नाही. हे ऐकून मी जेवताना म्हटलं की आमच्या मार्टिन ल्यूथरचं काय वेगळं होतं, मठात असताना तासन्‌तास कबुली द्यायचा, त्याचा वरिष्ठ वैतागून जायचा. नवरा म्हणाला, म्हणजे तुमचा आणि आमचा दोघांचा आजार एकच. एकच आहे! औषधही एकच आहे, त्यावर १९९९ मध्ये कॅथलिक आणि ल्यूथरन चर्चने ऑग्सबर्गला सह्या पण केल्यात की देव माणसाला स्वीकारतो तो कृपेने, आपल्या पुण्याईवर नाही. सह्या झाल्या, आमच्या वाड्यावर अजून पोचलं नाही एवढंच.

आणि माझ्या माहेरी सगळं बरं होतं असंही समजू नका. आमच्याकडे कुमसार नाही, पण साक्ष आहे, म्हणजे सगळ्या मंडळीसमोर आपला अनुभव सांगणं. उभं राहून रडून साक्ष दिली तर खरा, कोरड्या डोळ्यांनी दिली तर लोकांना शंका. अश्रूंचं माप लावणारी माणसं दोन्हीकडे आहेत.

'देवाने माफ केलं असेल, पण मीच मला माफ करू शकत नाही' हे वाक्य तुम्ही पण लिहिलंय, भावजींच्या तोंडी पण रोज असायचं. मी त्यांना एकदा फटकन म्हटलं होतं की तुम्हाला कोणी विचारलंय? न्यायाधीशाने निकाल दिला, आरोपी म्हणतो मला मान्य नाही, मला शिक्षा पाहिजेच. योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय ना की आपलं मन आपल्याला दोषी ठरवतं तेव्हा देव आपल्या मनाहून मोठा आहे. मनाने दोष देणं बंद केल्यावर मग देव माफ करतो असं तिथे लिहिलेलं नाही. मन बडबडत असतानाच उठायचं आणि पुढे जाऊन हात पसरायचा. बरं वाटेल मग जाईन म्हणालात तर जन्मात जाणार नाही. आणि कॅथलिक असाल तर हेही ऐका, पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्येच स्पष्ट केलं होतं की कोम्युनियन रोज घ्यावं, महापाप नसलं आणि हेतू नीट असला की पुरे. ते लायक माणसाला द्यायचं बक्षीस नाहीच.

भावजी पहिल्यांदा कुमगाराला गेले तेव्हा काही भारी वाटलं नाही म्हणाले, पाय लटपटत होते आणि मागून कोण बघतंय ह्याकडेच अर्धं लक्ष होतं. दुसऱ्या रविवारी परत गेले. झालं.

मग पैशाचं. क्षमा झाली म्हणून पैसे बुडवायचे असं कुठलंच चर्च शिकवत नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाच्या घरी येशू आधी गेला, चौपट परत द्यायचं जक्कय नंतर बोलला, पण बोलला. भावजींनी परत बोटीवरची नोकरी धरली आणि प्रत्येक भावंडाचे पैसे हप्त्याहप्त्याने दिले. आणि एक बघितलं मी, लाजेत होते तेव्हा नुसते राबत होते, एक रुपया फिटत नव्हता. माफी पचनी पडल्यावर हिशेबाची वही काढली. आमचे घेतले आम्ही. हक्क सोडल्यामुळे घराचा जो जास्तीचा भाग आमच्याकडे आला होता तो पण गिफ्ट डीड करून परत दिला, इथे नवराबायको दोघांच्या सह्या लागतात, मी लगेच केली. नणंदबाईंनी ना पैसे घेतले ना भाग परत दिला. म्हणाल्या, पैशाने आई परत येते का? नाही येत. पण पैसे घेतले असते तर उद्यापासून त्याला ऐकवायचं काय, हा खरा प्रश्न होता. उधळ्या मुलाचा थोरला भाऊ त्याचं स्वागत बघून रागावतो, अंगणातच उभा राहतो, आत येत नाही, आणि तो शेवटी आत आला की नाही ते येशूने सांगितलेलंच नाही.

म्हणून तुमच्या घरातल्या त्या मोठ्या माणसांना विचारा की तयारी झाली हे कशावरून ठरणार आणि कोण ठरवणार. उत्तर मिळालं नाही तर येत्या रविवारी सरळ जा.

दोन गोष्टी राहिल्या. तुम्ही काय केलंय ते लिहिलेलं नाही. कोणाला इजा केली असेल, कोणी अजून धोक्यात असेल, तर आधी ते थांबवा आणि कायद्याचं जे होईल त्याला सामोरे जा, देवाची माफी म्हणजे पोलिसांपासून सुटका नाही, आणि ज्याचं नुकसान केलं त्याने पण मला माफ केलंच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. (हे मी नणंदेलाही लावते. मनातून माफ करणं तिचं तिने बघावं, पण हिशेब तर घ्यावा.) दुसरं, झोप उडाली असेल, तोच तोच विचार दिवसभर फिरत असेल, जगू नये असं वाटत असेल, तर हे नुसतं पाळकाचं काम नाही. १४४१६ ही टेलिमानसची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, कधीही लागते. गोव्यात असाल तर बांबोळीला मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल आहे. भावजी तिथेही गेले होते, गोळ्या घेतल्या, त्याने विश्वास कमी झाला नाही.

आणि नणंदबाई, तुम्ही मराठी वाचता मला माहीत आहे. तुमच्या वाट्याचे पैसे भावजींनी वेगळ्या खात्यात ठेवलेत, पासबुक आमच्याकडे आहे. या आणि घेऊन जा. येताना घराचे कागद पण आणा, त्याचं काय करायचं ते एकदाचं बोलून टाकू.