हात कधी बसतो?

तुमचा प्रश्न असा: वय ३६, पाच महिने चामड्यावरचं हातशिवणकाम शिकताय. सावकाश शिवलं की टाके सरळ पडतात, वेग धरला की वाकडे. रोज एकाच जातीच्या तुकड्यावर शंभर टाके घालता, सगळं लक्ष मनगटावर. या वयात हात बसेल का?

बसेल. सरावाची पद्धत मात्र बदला.

आमचं घर कोल्हापुरातलं, चप्पल करणाऱ्यांचं. मी पुढे क्रीडाशिक्षक झालो, पण आरी हातात आली ती आठव्या वर्षी. वडील मला एकाच चामड्यावर फार वेळ बसू देत नसत. म्हशीच्या कातड्याचा जाड तुकडा झाला की बकऱ्याचं पातळ कातडं, मग भिजवलेलं, मग सुकून कडक झालेलं. मनगटाकडे बघत बसलो की म्हणायचे, "हाताकडं बघू नगंस, भोक कुठं पडतंय ते बघ." मला वाटायचं, नीट शिकवायचं सोडून छळतात.

त्यांचं बरोबर होतं, हे बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी घेताना, कळलं. १९२०च्या दशकात मॉस्कोत हालचालींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन यांनी हातोडीने छिन्नीवर घाव घालणाऱ्या कसबी कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून त्यांच्या हालचालींचे फोटो घेतले. घाव छिन्नीवर नेमका पडायचा, पण खांदा, कोपर, मनगट यांची वाट दर वेळी थोडी वेगळी. खांद्यात कमी-जास्त झालं की कोपर ते सांभाळून घेई. म्हणजे हात बसतो तेव्हा एक हालचाल छापासारखी कोरली जात नाही. दर वेळी चूक वाटेतच भरून काढायची सवय अंगात मुरते. वडिलांचा उजवा खांदा आता वर जात नाही. ते बसतातही निराळे, आरीही वेगळी धरतात. टाका तोच पडतो.

तुम्ही एकाच तुकड्यावर घोटताय, त्यामुळे भरून काढण्याजोगी चूकच फारशी होत नाही. बरोबरची मुलं पुढे गेली असंही लिहिलंय, पण वर्गातल्या वेगावरून काही ठरवू नका. १९७९ साली शे आणि मॉर्गन या संशोधकांनी एका प्रयोगात हाताच्या तीन वेगवेगळ्या हालचाली शिकवल्या. एकेक घोटून संपवणारे सरावात पुढे होते, सरमिसळ करणारे मागे. दहा दिवसांनी पुन्हा तपासलं, तर सरमिसळवाले सरस.

मनगटावरचं लक्षही काढा. १९९८ मध्ये संशोधक गॅब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांनी स्कीच्या सराव-यंत्रावर पाहिलं, की स्वतःच्या पायांवर लक्ष ठेवणाऱ्यांपेक्षा यंत्राच्या चाकांवर लक्ष ठेवणारे चांगलं शिकले. वडील भोकाकडे बघायला सांगायचे ते यासाठीच.

वयाची काळजी सोडा. माझी बायको चामड्याची वेणी घालायला लग्नानंतर शिकली. आज तिची वेणी माझ्याहून घट्ट बसते.

तेव्हा उद्यापासून तीन जाडीचे तुकडे घ्या, दहा-दहा टाक्यांनी बदलत राहा. आधी वेग नको; भोकं एका रेषेत यायला लागली की थोडा वाढवा. थकून टाके बिघडायला लागले की रेटू नका, झोपा. सकाळचे पहिले पाच-सहा टाके वाकडे येतील, माझेही येतात. ते उसवत बसू नका, पुढे शिवा.