नवऱ्याचं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय आणि मूलही हवंय. इंजेक्शन सुरू करू की आधी युरोलॉजिस्टला दाखवू?

इंजेक्शन अजून घेतलं नसेल तर घेऊ देऊ नका. आधी युरोलॉजिस्ट.

तुम्ही लिहिलंय की नवरा ३६ वर्षांचा आहे, सतत थकलेला असतो, संध्याकाळी कामावरून येताना केलेल्या तपासणीत टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, २८० आलं आणि फॅमिली डॉक्टर म्हणाले, दर तीन आठवड्यांनी त्याचंच एक इंजेक्शन घेऊ, तरतरी येईल. युरोलॉजिस्टचं नाव काढलं की तो म्हणतो, "तो मुतखड्याचा डॉक्टर, मला काय मुतखडा झालाय?" आणि वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहत नाहीत, हे तुम्ही अगदी शेवटी लिहिलंत. ते सगळ्यात आधी यायला हवं होतं, कारण सगळं त्यावरच अवलंबून आहे.

बाहेरून टोचलेल्या टेस्टोस्टेरॉनने शुक्राणू तयार होणं थांबतं. थोडंफार कमी होतं असं नाही, बऱ्याच पुरुषांत काउंट पार शून्यावर जातो. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं हेच इंजेक्शन देऊन अभ्यास केला होता. १९९० साली त्याचे निष्कर्ष छापून आले आणि ते गर्भनिरोधक म्हणून चाललंही होतं. मूल हवं असलेल्या माणसाला हे टोचायचं, याला काय म्हणायचं?

आमच्या घरात नेमकं हेच झालं. माझं सासर इचलकरंजीचं, सुताचा व्यापार. लग्नानंतर नवऱ्याची तक्रार तुमच्या नवऱ्यासारखीच होती. दुकानातून आला की आडवा व्हायचा, कशातच रस नाही. ओळखीच्या एका डॉक्टरांनी एकदाच रक्त तपासलं, तेही दुकान बंद झाल्यावर, आणि इंजेक्शनं चालू केली. एलएच, प्रोलॅक्टिन या मेंदूखालच्या पिट्यूटरी ग्रंथीच्या हार्मोन्सची तपासणी नाही, मूल हवंय का हा साधा प्रश्नही नाही. त्याला मात्र फरक पडला. जिमला जायला लागला, दंड भरले, चेहऱ्यावर तेज आलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवायच्या, बघा पोरगा कसा दिसतोय. एवढा धडधाकट मुलगा म्हटल्यावर खोट सुनेतच असणार, हे कुणी बोलून दाखवायचीही गरज पडली नाही.

मग माझी वरात निघाली. ट्यूब उघड्या आहेत का ते बघायला रंग सोडून एक्स-रे काढतात, ती कळ ज्या बाईने सोसलीय तिलाच माहीत. मग दुर्बिणीची तपासणी. मग पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून अंडं तयार व्हावं म्हणून क्लोमिफीनच्या गोळ्या, त्यानंतर एक दिवसाआड सोनोग्राफी. त्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या पहिल्याच चिठ्ठीत सगळ्यात खाली नवऱ्याच्या वीर्यतपासणीची ओळ होती. तो म्हणाला, बघू नंतर. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं नाही. माझी मात्र एकही तपासणी चुकली नाही. शेवटी मीच सांगितलं, तुझा रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी आता कुठल्याही टेबलावर झोपणार नाही. घरात दोन दिवस अबोला झाला, पण तो सँपल देऊन आला. काउंट शून्य. काही आठवड्यांनी पुन्हा दिलं, पुन्हा शून्य.

तेव्हा मिरजेच्या युरोलॉजिस्टकडे गेलो. तुमच्या नवऱ्याला हे वाचून दाखवा, म्हणजे मुतखड्याचा डॉक्टर काय काय बघतो ते कळेल. लहानपणी गालगुंड झाले होते का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, घोरतोस का, दाढी किती दिवसांनी करावी लागते, सकाळी जाग येते तेव्हा ताठरता असते का, शुगर कधी तपासलीस. सगळं सरळ आवाजात, जसं कुणी खोकल्याबद्दल विचारावं. शेवटी, कुठलं इंजेक्शन वगैरे? नवरा नाही म्हणाला. मी पर्समधून इंजेक्शनचं रिकामं खोकं काढून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी ते उलटसुलट करून वाचलं आणि ड्रॉवरमधून लंबगोल मण्यांची एक माळ काढली. प्रत्येक मण्यावर आकडा, १ पासून २५ पर्यंत. वृषणाचं आकारमान मिलिलिटरमध्ये मोजायला ती वापरतात. मोठ्या माणसाचं साधारण १५ च्या मण्याएवढं किंवा त्याहून मोठं असतं. पडद्यामागून आल्यावर त्यांनी कागदावर दोन्ही बाजूंना १० लिहिलं. रक्तात एलएच जवळपास नव्हताच.

त्यांनी समजावलं ते असं. वृषणांना काम करायचा हुकूम मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी देते, एलएच आणि एफएसएच पाठवून. रक्तात बाहेरून भरपूर टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्यूटरीला वाटतं काम झालं, आणि हुकूम बंद होतो. इंजेक्शनाने रक्तातलं टेस्टोस्टेरॉन वाढतं, पण शुक्राणू घडायला वृषणाच्या आत त्याच्या कितीतरी पट लागतं. ते आतलं प्रमाणच कोसळतं.

इंजेक्शनं बंद झाली. त्याऐवजी एचसीजीची सुरू झाली, एलएचसारखंच काम करणारं हार्मोन, जे गरोदर बायकांच्या लघवीतून काढतात, आणि जोडीला क्लोमिफीन. हो, तीच गोळी. जी मी गरज नसताना इतके महिने गिळली ती खरं तर त्याला लागणार होती. मेडिकलमधून ती पट्टी घेताना माझे हात थरथरत होते. एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे रिपोर्टची घाई करून उपयोग नव्हता. काउंट हळूहळू परत आला. आज आम्हाला मुलगी आहे.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या ट्यूब, माझी अंडी, माझी पाळी, याची चर्चा आत्या-मावश्या, शेजारपाजार सगळीकडे झाली होती. नणंदेच्या डोहाळजेवणात ओटी भरायची वेळ आली तेव्हा मला हळूच स्वयंपाकघरात पाठवलं होतं. आणि त्याचा रिपोर्ट आला त्या संध्याकाळी सासूबाई मला म्हणाल्या, "हे घराबाहेर जाता कामा नये." मी विचारलं, आई, मग माझं कसं गेलं? त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. मी हे इथे लिहितेय ते नवऱ्याला विचारूनच. तो म्हणाला, लिही, मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

आता तुमचं. २८० हा आकडा सध्या बाजूला ठेवा. टेस्टोस्टेरॉन सकाळी सगळ्यात जास्त असतं, संध्याकाळचा आकडा धरायचाच नसतो. सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी तपासा. दोन्ही वेळा ३०० नॅनोग्रॅम/डेसिलिटरच्या खाली आलं आणि त्रासही असेल तरच कमी म्हणायचं, आणि मग का कमी आहे ते शोधायचं. वजन, मधुमेह, घोरण्याचा आजार यांनीही ते खाली येतं आणि ते सुधारलं की वर चढतं. प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं तर पिट्यूटरीचा एमआरआय लागू शकतो. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस वीर्यपतन झालेलं नसावं, आणि सँपल तासाभरात लॅबमध्ये पोचलं पाहिजे. डाव्या बाजूला व्हेरिकोसील, म्हणजे वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा, आहे का तेही युरोलॉजिस्ट हाताने तपासून सांगतो. ताठरतेची अडचण असेल तर शुगर आणि हृदय बघून घ्या, तिथल्या रक्तवाहिन्या हृदयापेक्षा बारीक असल्याने बिघाड तिथे आधी दिसतो. हृदयासाठी सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेटची गोळी चालू असेल तर व्हायग्रासारखं काहीही घ्यायचं नाही, जिवावर बेततं.

टेस्टोस्टेरॉन सरसकट वाईट आहे असं मी म्हणत नाही. ज्यांची वृषणं किंवा पिट्यूटरी मुळातच काम करत नाहीत त्यांना ते लागतंच, पण तेही हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणावर, लक्ष ठेवून, कारण रक्त दाट होतं. आणि इंजेक्शनं थांबवल्यावर सगळ्यांचा काउंट आमच्यासारखा परत येतोच असं नाही, काहींना वर्ष-दोन वर्षं लागतात. मी डॉक्टर नाही, बीकॉम आहे.

तुमचं वय पस्तिशीपुढे असेल तर तुमच्याही रक्ततपासण्या आणि सोनोग्राफी आत्ताच करून घ्या, वेळ घालवू नका. पण ट्यूबची तपासणी, दुर्बीण, गोळ्या यातलं काहीही त्याचा रिपोर्ट हातात येईपर्यंत नाही. मूल होत नसलेल्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्या ठिकाणी पुरुषाच्या बाजूनेही काहीतरी असतंच, आणि त्याची तपासणी म्हणजे एक डबी आणि बंद दार. सासरच्यांनी तुम्हाला विचारलं तर म्हणा, त्याचा रिपोर्ट यायचाय, आला की दोघांचे एकदमच दाखवते.