वीज आणि नेट वारंवार जात असताना मोठ्या फाइली दूरच्या सर्व्हरवर कशा पाठवाव्यात?

आपण कुडाळजवळच्या गावातून विचारले आहे की, जत्रांच्या हंगामात चित्रित केलेल्या दशावतारी नाटकांच्या फाइली, सगळ्या मिळून ४० जीबीच्या आसपास, पुण्यातील एका सर्व्हरवर पाठवायच्या आहेत. परंतु पावसात वीज किंवा नेट गेले की एससीपी ही फाइल पाठवणारी कमांड मध्येच थांबते आणि पुन्हा कमांड दिल्यावर तीच फाइल पहिल्यापासून जाऊ लागते. एका मित्राने एफटीपी ही फाइली पाठवण्याची जुनी पद्धत वापरून पाहण्यास सुचवले आहे, असेही आपण लिहिले आहे. मी रत्नागिरीत राहतो आणि अशाच नेटवरून मोठ्या फाइली नेहमी पाठवत असतो. माझे मत असे आहे की आपण आरसिंक हे फाइली पाठवणारे साधन वापरावे आणि एफटीपीच्या वाटेला जाऊ नये.

प्रथम हिशेब पाहावा. अपलोडचा वेग सेकंदाला ५ मेगाबिट धरला, तर ४० जीबी जाण्यास जवळजवळ १८ तास लागतात. आपल्याकडे आषाढ-श्रावणात सलग १८ तास वीज आणि नेट दोन्ही टिकतील, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून वेगाच्या मागे न लागता, कनेक्शन तुटल्यावर जिथे थांबले तिथून पुढे जाणारे साधन निवडणे महत्त्वाचे ठरते. एससीपीमध्ये ही सोय मुळातच नाही. एससीपी ज्या ओपनएसएसएच या संचात येते, त्याच्या २०२२ मध्ये आलेल्या ९.० या आवृत्तीपासून एससीपी आतून एसएफटीपी ही फाइली पाठवण्याची दुसरी, सुरक्षित पद्धत वापरू लागले, तरीही अर्धवट फाइल पुढे नेणे त्याला जमत नाही. एखादे पत्रक किंवा दोन-चार छायाचित्रे पाठवायची असतील तर ते उत्तमच आहे.

आरसिंक १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी तयार केले, आणि तेही धीम्या कनेक्शनवर कमीत कमी मजकूर पाठवावा लागावा, हा हेतू डोळ्यांसमोर ठेवून. समोरच्या बाजूला फाइलचा जो भाग आधीच पोहोचला आहे, त्याचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याची खूण ते आपल्या संगणकाकडे पाठवते. आपला संगणक त्या खुणा मूळ फाइलशी ताडून पाहतो आणि जे तिथे नाही तेवढेच पाठवतो.

कमांडचे रूप पुढीलप्रमाणे आहे. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरे वापरावीत, आणि त्यातील पी मोठ्या लिपीतला असावा:

आरसिंक -एव्हीपी --टाइमआउट=६० दशावतार नाव@सर्व्हर:साठा/

यातील दशावतार हा आपला फोल्डर, नाव@सर्व्हर हा पुण्याच्या सर्व्हरचा पत्ता आणि साठा हा तिथला फोल्डर. ए मुळे फोल्डरची रचना, फाइलींच्या तारखा आणि परवानग्या जशाच्या तशा राहतात. तारखा राहणे फार उपयोगाचे असते, कारण पुढच्या वेळी आकार आणि तारीख जुळली की आरसिंक ती फाइल सोडून देते. व्ही मुळे काय चालले आहे ते पडद्यावर दिसते. मोठ्या पीमुळे प्रगती तर दिसतेच, शिवाय अर्धवट आलेली फाइल सर्व्हरवर जपून ठेवली जाते. हे अक्षर विसरले तर आरसिंकही तुटलेली फाइल टाकून देते आणि आपली अडचण होती तिथेच राहते. एससीपीमध्ये मात्र याच मोठ्या पीचा अर्थ पोर्ट क्रमांक असा होतो, हे लक्षात ठेवावे. सर्व्हरच्या नावानंतरचा कोलन गाळू नये. तो गाळला तर फाइली पुण्याला न जाता आपल्याच संगणकावर त्या नावाने साठवल्या जातात. झेड हे अक्षर लावून मजकूर आकसून पाठवता येतो, पण व्हिडिओ आधीच आकसलेले असल्यामुळे त्याने प्रोसेसरला उगाच काम लागेल.

टाइमआउटबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण अनेकांचे इथेच अडते. आपल्याकडील वीज गेली तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही. तो बराच वेळ वाट पाहत बसतो आणि तोपर्यंत अर्धवट फाइल तात्पुरत्या नावाखालीच राहते. आपण घाईने पुन्हा कमांड दिली तर नव्या आरसिंकला ती फाइल सापडत नाही आणि ते शून्यापासून सुरुवात करते. ६० सेकंदांची मुदत दिली की सर्व्हर तेवढ्या वेळात आशा सोडतो आणि अर्धवट भाग मूळ नावाने ठेवतो. म्हणून नेट आल्यावर दीडेक मिनिट थांबूनच कमांड द्यावी. नंतर काही वेळ काहीच हालचाल दिसत नाही आणि मग टक्केवारी शून्यापासून भराभर पळू लागते. त्याने घाबरून जाऊ नये, कारण त्या वेळी फाइल पुन्हा जात नसून आधी पोहोचलेला भाग ताडून पाहिला जात असतो.

रात्री उठून कमांड देत बसायचे नसेल तर तिच्याभोवती अनटिल, डू आणि डन यांचे वेटोळे (लूप) घालून मध्ये स्लीप ९० लिहावे, म्हणजे काम पूर्ण होईपर्यंत ती आपोआप पुन्हा चालेल. त्यासाठी दर वेळी पासवर्ड विचारला जाऊन चालणार नाही. एसएसएच-कीजेनने ईडी२५५१९ प्रकारची की, म्हणजे पासवर्डऐवजी चालणारी डिजिटल किल्ली, तयार करून तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर ठेवावा. आधी एखाद्या लहान फाइलवर प्रयोग करावा, नाहीतर पत्ता चुकलेली कमांड रात्रभर गरगरत राहते. राऊटरला लहानसा यूपीएस जोडला तर निम्मा त्रास तिथेच संपतो.

आपला लॅपटॉप विंडोजचा आहे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एससीपी आणि एसएफटीपी आयतेच मिळतात, आरसिंक मिळत नाही. त्यासाठी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत चालणारे लिनक्स, बसवावे लागते. तिथे आपली सी ड्राइव्ह एमएनटी या फोल्डरमध्ये दिसते. सर्व्हरवरही आरसिंक असणे आवश्यक आहे, हे तिथल्या व्यवस्थापकांना विचारून घ्यावे. ते नसेल तर एसएफटीपीमधील रीपुट ही कमांड अर्धवट फाइल पुढे नेते. मात्र आधीचा भाग बरोबर आहे असे ती गृहीत धरते, तपासत नाही; त्यामुळे शेवटी दोन्हीकडे एसएचए२५६ची बेरीज, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारी खूण, काढून ताडून पाहावी. आरसिंक प्रत्येक पाठवलेल्या फाइलची अशी पडताळणी स्वतःच करते.

एफटीपीची पहिली रूपरेषा आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी अभय भूषण यांनी १९७१ मध्ये लिहिली, याचे मला कौतुक आहे. परंतु साध्या एफटीपीत पासवर्ड आणि फाइल दोन्ही उघड्याने जातात. १९९५ मध्ये फिनलंडमधील तातू युलोनेन यांनी एसएसएच (एससीपी आणि एसएफटीपी ज्यावर चालतात ती सुरक्षित जोडणी) लिहिले तेही विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर. मंडळींनी विश्वासाने करू दिलेले चित्रीकरण अशा वाटेने पाठवू नये.

फाइली परत आणायच्या असतील तर त्याच कमांडमध्ये सर्व्हरचा पत्ता आधी आणि आपला फोल्डर नंतर लिहावा. कुणी डिलीट हा पर्याय, म्हणजे मूळ फोल्डरमध्ये नसलेल्या फाइली समोरच्या बाजूने पुसणारा, जोडण्यास सांगितले तर आधी एन हे अक्षर लावून कमांड चालवावी. त्यामुळे प्रत्यक्ष काहीही न पुसता कोणत्या फाइली पुसल्या जातील याची यादी तेवढी दिसते.