एसआर-७१ या अमेरिकेच्या जुन्या हेरगिरी विमानाच्या इंजिनापुढचा टोकदार सुळका मागे-पुढे का सरकतो?

आत शिरणारी हवा आवरण्यासाठी. हे विमान माक ३.२ पर्यंत, म्हणजे आवाजाच्या तिपटीहून जास्त वेगाने उडायचं. पण आतल्या जे-५८ इंजिनाच्या कॉम्प्रेसरला (हवा दाबणाऱ्या भागाला) हवा आवाजापेक्षा कमी वेगानेच लागते. काही फुटांतच तिचा वेग उतरवायचा, तोही दाब वाया न घालवता.

सुळक्यामुळे तिरप्या शॉकवेव्ह, म्हणजे हवेचा दाब एकदम वाढवणाऱ्या लाटा, तयार होतात आणि प्रत्येक शॉकमधून जाताना हवा मंदावते, दाबली जाते. शेवटचा आडवा शॉक इनलेटच्या (हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या) आत, सर्वांत अरुंद जागेच्या जरा मागे धरून ठेवावा लागतो. वेग बदलला की सगळं गणित बदलतं, म्हणून माक १.६ नंतर सुळका हळूहळू मागे जातो, एकूण सुमारे ६६ सेंमी. जादा हवा झडपांतून बाहेर सोडतात.

मला खरं थक्क करतं ते पुढचं: पूर्ण वेगात असताना विमान पुढे ढकलणारा निम्म्याहून अधिक जोर या इनलेटमधल्या दाबातून यायचा! आणि तो शेवटचा शॉक निसटून बाहेर आला, की त्या बाजूचा जोर क्षणात कोसळायचा, विमान तिकडे इतक्या जोरात वळायचं की वैमानिकाचं हेल्मेट कॅनॉपीवर (कॉकपिटच्या पारदर्शक झाकणावर) आदळायचं. याला ‘अनस्टार्ट’ म्हणतात. १९८० च्या दशकात डिजिटल नियंत्रण आलं आणि हे प्रकार खूपच कमी झाले.

नेहमीच्या प्रवासी विमानांना असा सुळका लागत नाही. ती आवाजापेक्षा हळूच उडतात.