कॅमेरा विकला, रेकॉर्डिंग मागे राहिलं

परभणीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा शाळेतून त्यांच्याकडे लक्ष राहावं म्हणून घरात वाय-फाय कॅमेरा बसवला. सासूबाई हिंडू-फिरू लागल्यावर तो दुकानदाराला विकला. परवा ॲप उघडलं तर अनोळखी घरातली बैठकीची खोली दिसली. सासूबाईंचं अंग पुसतानाचं जुनं रेकॉर्डिंगही तसंच आहे. ते कधी डिलीट होणार, हे कंपनी सांगत नाही.

ताई, आधी त्या अनोळखी घराचं बघा. चित्र पुन्हा उघडू नका, पुरावा म्हणून फोटोही काढू नका. त्या घरात बायका वावरतात. खासगी क्षणी बाईला पाहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 प्रमाणे गुन्हा आहे, आणि त्यात आरोपी पुरुषच असावा अशी अट नाही. तुमच्या मनात काही वाईट नाही हे मला दिसतं, पण कळल्यानंतरही बघत राहिलात तर ते सांगणं अवघड होईल. सेटिंगमधून कॅमेऱ्याचा सिरियल नंबर वहीत उतरवा, कंपनीला ईमेल करा आणि त्याच दिवशी कॅमेरा खात्यातून काढून टाका. दुकानदारालाही लेखी कळवा, म्हणजे तो त्या घरी निरोप देईल.

आता तुमचं रेकॉर्डिंग. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा काम संपल्यावर माहिती पुसायला लावतो, पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले आणि ही कलमं त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तोवर आधार माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2011 च्या नियमांचा. त्यात आजारपणाची माहिती 'संवेदनशील' धरली आहे आणि ती गरजेपेक्षा जास्त काळ ठेवायला मनाई आहे. म्हणून अर्जात नुसतं 'व्हिडिओ डिलीट करा' लिहू नका. त्यात आजारी माणसाची शुश्रूषा दिसते, हे स्पष्ट लिहा. अर्जावर सासूबाईंची सही किंवा अंगठा घ्या. चित्रात त्या आहेत, तेव्हा पहिला हक्क त्यांचाच. अर्ज तक्रार अधिकाऱ्याच्या नावे करा. त्याचं नाव कंपनीनं वेबसाइटवर द्यायचं असतं आणि त्यानं महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची असते.

कंपनी परदेशी निघाली तर खोक्यावरचा आयातदाराचा पत्ता शोधा, त्यालाही स्पीड पोस्टानं प्रत पाठवा. बिल आणि पोचपावती जपून ठेवा. महिना उलटूनही दाद लागली नाही तर परभणीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या ठिकाणी दाद मागायची सोय दिली आहे, आणि एवढ्या किमतीच्या वस्तूला फी लागत नाही. तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. आधी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बऱ्याचदा कंपन्या तिथेच नमतात.

मात्र ते रेकॉर्डिंग कुठे बाहेर फिरताना दिसलं, तर महिनाभर थांबू नका. त्याच दिवशी सायबर पोलिसांकडे जा.