70 वर्षांच्या पापाला अनंतकाळची शिक्षा, असं बायबल खरंच सांगतं का? सगळे ख्रिस्ती हेच मानतात का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. जेमतेम 70 वर्षांच्या आयुष्यातल्या पापासाठी कधीच न संपणारी शिक्षा देणारा देव न्यायी कसा, ही एक. आणि सगळे ख्रिस्ती हे मानतात का, ही दुसरी. दुसरीचं उत्तर सोपं म्हणून ते आधी देतो: नाही, सगळे मानत नाहीत, आणि पहिल्या शतकांतही सगळे मानत नव्हते. पण बहुसंख्य मंडळ्यांची, म्हणजे चर्चेसची, अधिकृत शिकवण दीड हजार वर्षं तीच राहिली आहे, हेही नाकारता येत नाही.

ख्रिस्त पुन्हा येईल, मेलेले उठतील, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय होईल, इथवर भांडण नाही. प्रेषितांचा आणि नायसीन असे जे दोन विश्वासांगीकार (श्रद्धेची ठरलेली कबुली) उपासनेत सगळे मिळून म्हणतात, त्यांत एवढं स्पष्ट आहे. दोषी ठरलेल्यांचं पुढे काय होतं आणि किती काळ, यावर ते दोन्ही गप्प आहेत. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा तिसरा विश्वासांगीकार मात्र 'सार्वकालिक अग्नी' म्हणतो. खरा वाद या मोकळ्या जागेत आहे.

मतं तीन. पहिलं: शिक्षा जाणिवेसह भोगायची आणि ती संपत नाही. दुसरं: माणूस मुळात अमर नाही, अमरत्व ख्रिस्तात मिळणारं दान आहे; ज्यांनी ते नाकारलं ते न्यायानंतर शिक्षा भोगून कायमचे नाहीसे होतात. याला सशर्त अमरत्व म्हणतात. तिसरं: शिक्षा खरी आणि कडक आहे, पण ती शुद्ध करणारी आहे, आणि शेवटी सगळे देवाकडे परततात. हा सर्वोद्धार. तिन्ही बाजूंचे अभ्यासक बायबललाच प्रमाण मानून बोलतात, म्हणून 'तुम्ही बायबल मानत नाही' या आरोपाने कुणाचंच समाधान होत नाही.

आता वचनांकडे. इथे पहिला घोळ शब्दांचा होतो. आपण 'नरक' म्हणतो त्यामागे मूळ भाषांत चार वेगळे शब्द आहेत. हिब्रू 'शिओल' म्हणजे मेलेल्यांचं ठिकाण, चांगल्या-वाईट सगळ्यांचं. ग्रीक 'हेडीस' हा त्याचाच प्रतिशब्द. 'गेहेन्ना' नव्या करारात 12 वेळा येतो, त्यातला 11 वेळा येशूच्या तोंडी. आणि 'टार्टारस'वरून आलेलं एक क्रियापद फक्त एकदाच, 2 पेत्र 2:4 मध्ये, तेही पाप केलेल्या देवदूतांबद्दल. 1611 च्या इंग्रजी बायबलात शिओल 65 पैकी 31 ठिकाणी 'हेल' झाला, 31 ठिकाणी 'कबर' आणि 3 ठिकाणी 'खड्डा'. हेडीस आणि गेहेन्ना हे दोन्हीही तिथे बहुतेक 'हेल'च आहेत. त्यामुळे इंग्रजीवरून उपदेश करणारे चारही गोष्टी एकाच भांड्यात ओततात. आपलं प्रचलित मराठी बायबल या बाबतीत जास्त काटेकोर आहे: शिओल आणि हेडीससाठी 'अधोलोक', गेहेन्नासाठी 'नरक'. वचन वाचताना यातला कोणता शब्द आहे एवढं पाहिलं तरी निम्मे गैरसमज गळून पडतात.

मराठी वाचकासाठी आणखी एक अडचण आहे. 'नरक' म्हटलं की डोळ्यांपुढे यमदूत आणि उकळत्या तेलाच्या कढया येतात. ती चित्रं पुराणांतली, आणि तिथला नरक तर भोगून संपतो, पुढे जन्म असतो. म्हणजे कढया तिथून घेतो, काळ मात्र ख्रिस्ती उपदेशातून, आणि दोन्हींची बेरीज बायबलात शोधत बसतो. बायबलात कढया नाहीत. अंधार आहे, दातखाणे आहे, अग्नी आहे, बंद दार आहे. अंधार आणि अग्नी एकत्र कसे, हा प्रश्न पडतो त्याअर्थी ही वर्णनं शब्दशः घ्यायची नाहीत, हे पहिल्या मताचेही बरेच अभ्यासक मान्य करतात.

गेहेन्ना म्हणजे हिन्नोमचं खोरं, यरुशलेमेच्या दक्षिणेला. तिथे तोफेत नावाच्या जागी मुलांना अग्नीत अर्पण करत. असे बळी पुन्हा देता येऊ नयेत म्हणून योशीया राजाने ती जागा विटाळली (2 राजे 23:10), आणि यिर्मयाने सांगितलं की हे खोरं 'वधाचं खोरं' होईल (यिर्मया 7:31-32). 'गेहेन्ना म्हणजे शहराचा जळता उकिरडा' हे तुम्ही नक्की ऐकलं असेल. येशूच्या काळातला त्याचा पुरावा मिळालेला नाही. हे विधान सापडतं ते सुमारे 1200 साली लिहिणाऱ्या डेव्हिड किम्ही या यहुदी भाष्यकाराकडे. तिन्ही मतांचे लोक ते सोयीने वापरतात. तुम्ही वापरू नका.

दुसरा घोळ काळाचा. श्रीमंत माणूस आणि लाजर यांचा दाखला (लूक 16:19-31) अनंतकाळच्या शिक्षेचा पुरावा म्हणून सर्रास दिला जातो. त्यात शब्द आहे अधोलोक, आणि त्या माणसाचे पाच भाऊ अजून घरी जिवंत आहेत. म्हणजे प्रसंग शेवटच्या न्यायाच्या आधीचा. प्रकटीकरण 20:14 मध्ये तर अधोलोकच अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. या दाखल्यावरून मृत्यूनंतर लगेच काय होतं यावर बोलता येईल, न्यायानंतरच्या स्थितीवर नाही.

सगळ्यांत वजनदार वचन मत्तय 25:46. एका बाजूला 'सार्वकालिक शिक्षा', दुसऱ्या बाजूला 'सार्वकालिक जीवन', आणि दोन्हीकडे एकच ग्रीक विशेषण, 'आयोनिओस'. पाचव्या शतकात ऑगस्टीन या बिशपने यावरच बोट ठेवलं: जीवन न संपणारं असेल तर शिक्षाही न संपणारी, एकाच वाक्यात एका शब्दाचे दोन अर्थ कसे करणार? हा युक्तिवाद आजही पहिल्या मताचा कणा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही.

सर्वोद्धारवाले म्हणतात, आयोनिओस म्हणजे 'युगाचं, येणाऱ्या युगासंबंधीचं'. हबक्कूक 3:6 च्या ग्रीक भाषांतरात हाच शब्द डोंगरांना लावलाय आणि ते डोंगर त्याच वचनात ढासळतात. इथवर ठीक. पण पुढे ते 'शिक्षा'साठीचा 'कोलासिस' शब्द म्हणजे सुधारण्यासाठी केलेलं शासन, असं ॲरिस्टॉटलच्या आधाराने सांगतात. ॲरिस्टॉटलने तो भेद केला आहे हे खरं, पण येशूच्या काळापर्यंत तो शब्द साध्या 'शिक्षा' या अर्थाने सर्रास वापरात होता. शब्दाच्या मुळावर एवढी मोठी इमारत उभी राहत नाही.

सशर्त अमरत्वाचं उत्तर मला जास्त पटतं. शिक्षा सार्वकालिक आहेच, पण परिणामाने. इब्री 9:12 मध्ये 'सार्वकालिक मुक्ती' आहे, म्हणजे मुक्त करण्याची क्रिया अखंड चालू आहे असं नव्हे. एकदा केलेली मुक्ती कायमची. इब्री 6:2 मधला 'सार्वकालिक न्याय' तसाच. यहूदा 7 म्हणतो सदोम-गमोरा 'सार्वकालिक अग्नीचं' उदाहरण आहेत, आणि ती शहरं आज जळत नाहीत, ती उरलेलीच नाहीत. शिवाय मत्तय 10:28 मध्ये येशू आत्मा आणि शरीर दोन्हींचा नरकात 'नाश' म्हणतो, आणि योहान 3:16 मध्येही जीवनासमोर 'नाश'च ठेवला आहे.

एक वचन जरा जवळून पाहू. मार्क 9:48: 'तेथे त्यांचा किडा मरत नाही व अग्नी विझत नाही.' ऐकताना वाटतं, जिवंत माणसं किड्यांत आणि आगीत कायमची तळमळताहेत. येशू इथे यशयाच्या पुस्तकाचं शेवटचं वचन उद्धृत करतोय, 66:24. तिथे लोक बाहेर जाऊन देवाविरुद्ध बंड केलेल्यांची प्रेतं पाहतात. प्रेतं. किडा आणि अग्नी थांबत नाहीत, कारण त्यांना कुणी थांबवू शकत नाही; काम पुरं होईपर्यंत ते खातच राहतात. प्रकटीकरण 14:11 मधला 'युगानुयुग वर चढणारा धूर' असाच यशया 34:10 मधून आलाय, तिथे तो अदोम देशाच्या उद्ध्वस्त भूमीचा आहे.

पण इथेच थांबलं तर ते अर्धसत्य होईल. येशूच्या आधी लिहिलेल्या यूदीथच्या पुस्तकात (16:17; हे पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट बायबलात नाही) हाच किडा आणि हाच अग्नी घेऊन म्हटलंय की ते वेदनेने सर्वकाळ रडतील. म्हणजे यशयाचं वचन जाणिवेच्या यातनेच्या अर्थाने वाचणारे लोक येशूच्या श्रोत्यांत असू शकतात. आणि प्रकटीकरण 20:10 मध्ये सैतान, श्वापद आणि खोटा संदेष्टा यांना रात्रंदिवस युगानुयुग पीडा होईल असं सरळ लिहिलंय. 'अग्नीचं सरोवर म्हणजे दुसरं मरण' हे स्पष्टीकरण चारच वचनं पुढे येतं, तरी सशर्त अमरत्वाला इथे घाम फुटतो. मी त्या मताकडे झुकतो, पण छातीठोकपणे बोलत नाही ते या वचनामुळे.

सर्वोद्धाराची बाजूही वचनांवरच उभी आहे: रोमकरांस 5:18, कलस्सैकरांस 1:20, आणि प्रकटीकरण 21:25 मधली कधीच बंद न होणारी नगराची दारं. त्यांची अडचण अशी की 1 करिंथ 15:22 मध्ये 'सर्व जिवंत केले जातील' म्हटल्यावर लगेच 23 मध्ये 'जे ख्रिस्ताचे आहेत ते' अशी मर्यादा येते, आणि उघड्या दारांच्या त्याच नगराबाहेर 22:15 मध्ये लोक आहेतच.

आता तुमचा मुख्य प्रश्न: 70 वर्षं विरुद्ध अनंतकाळ. पारंपरिक उत्तर दोन आहेत. एक अकराव्या शतकाच्या अखेरीस लिहिणाऱ्या अन्सेल्म या धर्मशास्त्रज्ञाच्या विचारातून आलेलं: अपराध अनंत थोरवीच्या देवाविरुद्ध, म्हणून तोही अनंत. मला हे कमजोर वाटतं. सगळाच अपराध अनंत असेल तर शिक्षेत कमी-जास्त कसं होणार? आणि येशू तर लूक 12:47-48 मध्ये कुणाला पुष्कळ फटके आणि कुणाला थोडे असं सांगतो. दुसरं उत्तर: शिक्षा 70 वर्षांसाठी नाहीच, नाकारणं तिथेही चालू राहतं, म्हणून शिक्षाही चालू राहते. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईस यांनी 1940 साली लिहिलं की नरकाची दारं आतून बंद असतात. हे उत्तर न्यायाच्या दृष्टीने कितीतरी सरस. पण लूक 13:25 उघडा: तिथे दार घरधनी उठून लावतो, आणि बाहेरचे ठोठावत 'आम्हांला उघडा' म्हणताहेत. नेमकी उलटी दिशा. म्हणून हे उत्तर तर्काला पटलं तरी वचनातून निघालं असं म्हणता येत नाही. पूर्वेकडच्या परंपरेत सातव्या शतकातला निनवेचा इसहाक सांगतो की नरकात माणसाला झोडपतं ते देवाचं प्रेमच. ज्या प्रेमाविरुद्ध पाप केलं त्याची जाणीव हीच यातना.

इतिहास थोडक्यात. तिसऱ्या शतकात ओरिजेन या धर्मशास्त्रज्ञाने सर्वोद्धाराची कल्पना मांडली, चौथ्यात निस्साचा बिशप ग्रेगरी याने ती उघडपणे शिकवली. यातना सर्वकाळ असेल हे न मानणारे पुष्कळ लोक असल्याचं खुद्द ऑगस्टीन लिहून ठेवतो. सम्राट जस्टिनियनने 543 मध्ये ओरिजेनवादाचा निषेध केला, आणि 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या सुमारास तो पुन्हा झाला. 553 चे ते 15 निषेध परिषदेनेच संमत केले का, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. ग्रेगरी मात्र कधीच दोषी ठरला नाही, तो आजही संत आहे. पश्चिमेत 1215 च्या चौथ्या लॅटरन परिषदेने आणि लुथरन बाजूने 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीने शिक्षा न संपणारी असल्याचं ठासून सांगितलं. इंग्लंडच्या मंडळीच्या 1553 च्या 42 कलमांत सर्वोद्धाराविरुद्ध एक कलम होतं, ते 1563 मध्ये वगळलं गेलं. 1988 मध्ये जॉन स्टॉट यांच्यासारख्या नामवंत इव्हँजेलिकल (बायबलच्या अधिकारावर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट प्रवाहातल्या) पाळकाने सशर्त अमरत्वाकडे कल असल्याचं सांगितल्यावर मोठी खळबळ उडाली. 2000 साली ब्रिटनच्या इव्हँजेलिकल अलायन्सने न संपणाऱ्या शिक्षेचं पारंपरिक मत कायम ठेवलं, पण दुसरं मत इव्हँजेलिकलांमधलंच अल्पमत असल्याचं मान्य केलं. कॅथलिक धर्मशिक्षण नरकाची सार्वकालिकता मानतं (परिच्छेद 1035), मात्र देव कुणालाही आधीच नरकासाठी नेमत नाही असंही सांगतं (1037). आणि अमुक एक माणूस नरकात गेला, असं कॅथलिक ख्रिस्तसभेने आजवर कुणाबद्दलही जाहीर केलेलं नाही.

हा शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. घरात मृत्यू झालाय, गेलेला माणूस विश्वासणारा नव्हता, आणि कुणीतरी येऊन 'तो नरकात गेला' असं सांगतं: हे सांगण्याचा अधिकार त्या सांगणाऱ्याला नाही. 1 करिंथ 4:5 म्हणतं, प्रभू येईपर्यंत, वेळेआधी, न्याय करू नका. ज्यांनी सुवार्ता ऐकलीच नाही त्यांच्याबद्दल रोमकरांस 2:14-16 सदसद्विवेकाची साक्ष आणतं. आणि मत्तय 25 मधल्या न्यायात उजवीकडच्यांना, म्हणजे स्वीकारल्या गेलेल्यांना, आपण कुणाला जेवू घातलं हे माहीतही नसतं. त्याच वेळी तारण कृपेने, कर्मांनी नाही, असं इफिस 2:8-9 सांगतं. तारण कृपेचं, पण न्याय कर्मांनुसार (2 करिंथ 5:10): ही दोन सूत्रं एकत्र कशी धरायची यावर कॅथलिक आणि लुथरन 450 वर्षांहून अधिक भांडले, आणि 1999 मध्ये माणूस देवापुढे नीतिमान कसा ठरतो याबद्दल एका संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या झाल्या.

स्वतः पडताळायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी यशया 34 आणि 66. मग मार्क 9:42-50. मग मत्तय 25:31-46 आणि लूक 13:22-30. शेवटी प्रकटीकरण 14, आणि 19 ते 22 सलग, मधे न थांबता. तळटीपांमध्ये जुन्या करारातले संदर्भ असलेली प्रत घ्या आणि प्रत्येक संदर्भ उघडून बघा. एखादं मत पटू लागलं की त्याला न जुळणारं वचन समोर ठेवा: पहिल्या मतासाठी मत्तय 10:28, दुसऱ्यासाठी प्रकटीकरण 20:10, तिसऱ्यासाठी मत्तय 25:46.