ग्लासगोला येणाऱ्या मिरजेच्या नर्सला: द्वेषाच्या कायद्याला घाबरायचं का?

तू विचारलंस, मिरजेतली नोकरी सोडून नर्स म्हणून स्कॉटलंडला यायचं चाललंय, पण मामा म्हणतात तिथं द्वेषगुन्ह्यांच्या कायद्यानं नुसतं बोललं तरी सात वर्षांची कैद, आणि मैत्रीण म्हणते आपल्या रंगाच्या माणसाला कुणीही शिव्या देतं, दाद लागत नाही. खरं कुणाचं? मी तासगावची, इथं वॉर्डात काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

शिव्या देणारे भेटतात, हे लपवणार नाही. माझ्याबरोबरची केरळची नर्स रात्रपाळी करून बसस्टॉपवर उभी होती, तेव्हा एकजण ‘परत जा’ ओरडत तिच्या अंगावर थुंकला. थुंकणं तसाही गुन्हाच. पण तो वंशाच्या द्वेषातून केला असं सिद्ध झालं, की कोर्टाला ते निकालात नोंदवावं लागतं आणि त्यापायी शिक्षा किती वाढवली, किंवा का वाढवली नाही, हेही सांगावं लागतं. आणखी एक लक्षात ठेव. इथं मूळ गुन्ह्याला दोन बाजूंनी पुरावा लागतो, एकट्याच्या सांगण्यावर भागत नाही. द्वेष दाखवायला मात्र एकच पुरावा पुरतो. म्हणून असं काही घडलं तर शेजारी उभ्या माणसाचं नाव, फोन लगेच घे. पोलिसांना फोन करायचा: जीवावर बेतलं तर ९९९, नाहीतर १०१. ‘कशाला त्या भानगडीत’ म्हणत गप्प बसायची आपल्याकडची सवय इथं आणू नकोस. कायद्याचा हा भाग आपल्यासारख्यांना खरंच राखतो, आणि त्यानं कुणाच्या बोलण्यावर बंदी येत नाही.

मामांची भीती दुसऱ्या भागाबद्दल आहे. स्कॉटलंडचा हा द्वेषगुन्ह्यांचा कायदा २०२१ चा, तो १ एप्रिल २०२४ ला लागू झाला. त्यात द्वेष भडकवण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण धर्म, अपंगत्व, लैंगिकता अशा बाबतींत बोलणं धमकीचं किंवा शिवीगाळीचं हवं आणि द्वेष भडकवण्याचा हेतूही सिद्ध व्हावा लागतो. धर्माची टीका, टिंगल, अगदी अपमानसुद्धा, तेवढ्यावरून गुन्हा ठरत नाही असं कायद्यातच लिहिलंय. धर्मनिंदेचा जुना गुन्हाही याच कायद्यानं रद्द केला. आपल्याकडं ‘भावना दुखावल्या’ म्हणून पोलीस ठाण्यावर मोर्चा जातो, तसं इथं चालत नाही.

तरी मामा अगदीच चूक नाहीत. वंशाच्या बाबतीत पट्टी खाली आहे: अपमानास्पद बोलणंही त्यात येतं, आणि हेतू नसला तरी द्वेष भडकण्याची शक्यता पुरते. इंग्लंडच्या कायद्यात घरातल्या बोलण्याला सूट आहे, इथं ती ठेवलेली नाही. हे मला पटत नाही. पहिल्याच आठवड्यात पोलिसांकडं सात हजारांवर ऑनलाइन तक्रारी आल्या, त्यांतल्या २४० च्या आसपास द्वेषगुन्हे म्हणून नोंदल्या गेल्या. लेखिका जे. के. रोलिंग यांनी पहिल्याच दिवशी ‘करा अटक’ म्हणत ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल लिहिलं; तो गुन्हा नाही असं पोलिसांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण रोलिंग यांच्यामागं वकील उभे राहतात. व्हिसावर आलेली नर्स नुसत्या चौकशीनंच गळाठते. कायद्याचे शब्द सैल ठेवले की हे असं होतं.

मग भडकवण्याविरुद्ध कायदा नकोच का? मी तसं म्हणणार नाही, आणि मिरजेच्या मुलीला ते समजावून सांगावं लागू नये. २००९ च्या गणपतीत कमानीवरच्या एका चित्रावरून आपल्याकडं मिरजेत दंगल कशी पेटली ते तुझ्या घरच्यांना विचार. २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून जमाव उठला, एक माणूस जीवानिशी गेला. शब्दांतून दगड उठतात. पण कायद्यानं दगड उठवणाऱ्याला गाठावं, नुसतं टोचेल असं बोलणाऱ्याला नाही. तिकडं आपण संख्येनं जास्त असलेल्यांत मोडत होतो, तेव्हा हा फरक मला एवढा जाणवत नव्हता. इथं रोज जाणवतो.

एक उणीवही सांगते. वंशाच्या व्याख्येत रंग, राष्ट्रीयत्व, वांशिक मूळ आहे. जात हा शब्द नाही. आपल्याच लोकांनी जातीवरून हिणवलं तर ॲट्रॉसिटीसारखा थेट कायदा इथं मिळणार नाही. तशी वेळ आली तर युनियनकडं जा; आल्या आल्या सभासद हो.

आणि बोलण्यावरून पहिली झळ लागलीच, तर ती बहुतेक तुरुंगाची नसेल, तुझ्या पिनची, म्हणजे नर्स म्हणून असलेल्या नोंदणी क्रमांकाची असेल. सोशल मीडियावर द्वेष किंवा भेदभावाला चिथावणी दिली तर नोंदणी धोक्यात येते, असं एनएमसीनं, म्हणजे इथं नर्सची नोंदणी करणाऱ्या परिषदेनं, नर्सना स्पष्ट सांगितलंय. गावाकडच्या ग्रुपवर आलेले फॉरवर्ड पुढं ढकलत असशील, तर ते विमानात बसायच्या आधीच बंद कर. मराठीत लिहिलं म्हणून इथं कुणाला कळणार नाही, असं समजू नकोस; माझ्याच वॉर्डात मराठी वाचणारे आहेत.